जांभळीच्या खाचराची नोंद

जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. त्याआधी पुण्याच्या एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवीत होते. वडिलांना एकटे ठेवणे अशक्य झाले तेव्हा नोकरी सोडून किकवीच्या घरी राहायला आले. लग्न केलेले नव्हते, त्यामुळे विचारायचेही कोणाला नव्हते. पुढे वडील गेले. महामार्गावरून दिवसभर गाड्या धावत असतात, पण त्यातले कोणी आपल्याकडे येणार नाही हे एकदा मनात पक्के झाले की तो आवाजही शांततेचाच भाग होऊन जातो. त्या शांततेत माणसाचा आवाज यावा म्हणून मी संगणकावरचे धडे लावले. चित्रफितीतला शिक्षक मध्येच थांबून ‘समजले ना?’ असे विचारी, आणि मी रिकाम्या खोलीत ‘हो’ म्हणे. कधी ‘नाही’ही म्हणे, पण तो थांबत नसे.

वडिलांचे एक स्नेही वेल्ह्याकडचे, निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. वडील गेल्यावर ते भेटायला आले, तेव्हा टेबलावर उघडा राहिलेला माझा लॅपटॉप त्यांनी पाहिला. त्या परिसरातल्या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाचे ते सचिव होते. गटाचा आंबेमोहोर पुण्यातले एक दुकान घेत असे. पण बाजारात कुठलाही तांदूळ वेल्ह्याचा म्हणून विकला जातो, तेव्हा प्रत्येक पिशवी कुठल्या शेतातली याचा पुरावा द्या, तोही मागाहून कोणाला बदलता येणार नाही असा, अशी त्या दुकानाची मागणी होती. ‘ब्लॉकचेन’ हा शब्द गुरुजींनी खिशातल्या चिठ्ठीवरून वाचून दाखवला आणि म्हणाले, “तुम्हाला येतं का हे? नसेल येत तर शिका. तुमच्याकडे वेळ आहे.”

वेळ आहे, हे त्यांनी सहज म्हटले होते. मला ते बरेच दिवस लागून राहिले.

मी शिकले. ब्लॉकचेन म्हणजे नोंदींची साखळी. तिच्या सारख्याच प्रती जगभरच्या असंख्य संगणकांवर असतात. एकदा घातलेली कडी काढता येत नाही, कारण एका ठिकाणी खाडाखोड केली तर बाकीचे सगळे संगणक ती नाकारतात. मात्र सगळा मजकूर साखळीत ठेवणे परवडणारे नसते. म्हणून मजकूर गटाच्या संगणकावर ठेवायचा आणि त्या मजकुराचा ठसा तेवढा साखळीत टाकायचा. हा ठसा म्हणजे अंकाक्षरांची एक लांब ओळ. मजकुरातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी ठसा पार निराळा येतो. गटासाठी लिहिलेल्या माझ्या अॅप्लिकेशनमध्ये मुख्य कामे दोनच होती. एक नोंद ठेवणारे, दुसरे ती परत आणून साखळीतल्या ठशाशी ताडून पाहणारे. जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नावेही चालतात हे कळल्यावर मी पहिल्याचे नाव ‘ठेव’ ठेवले आणि दुसऱ्याचे ‘आण’. जाणकार तसे करीत नाहीत, असे मी नंतर कुठेतरी वाचले. पण तोवर त्या दोघांची मला सवय झाली होती.

आषाढात लावणी सुरू झाली तशी मी नोंदी घ्यायला वेल्ह्याकडे जाऊ लागले. चेलाडी फाट्यावर एसटी बदलायची, पुढे गुरुजींच्या गावी उतरायचे आणि त्यांनी सांगितलेल्या बांधावर जाऊन उभे राहायचे. अनोळखी माणसाशी पहिले वाक्य कोणते बोलावे हे मला आजही चटकन सुचत नाही. छत्री आणि मोबाईल सावरीत मी नुसतीच उभी राही आणि कोणी विचारण्याची वाट पाही.

जांभळीच्या खाचरात तसे फार वेळ उभे राहावे लागले नाही. खाचराच्या कडेला जांभळाचे जुने झाड होते. एक साठी उलटलेले गृहस्थ आणि त्यांची पत्नी पोटरीभर चिखलात वाकून रोप लावीत होती.

“गुरुजींनी धाडलेल्या ताई व्हय?” बाई कंबर सरळ करीत म्हणाल्या. “या. ह्यो फोन आता भात बी खानार का?”

“खात नाही, वहिनी. फक्त लिहून ठेवतो.”

“लिवा मग,” त्यांचे यजमान म्हणाले. “पर आदी खाचराचं नाव लिवा. माझं मागनं.”

“ह्यांचं आसंच हाय,” वहिनी हसल्या. “मानसापरीस खाचर मोठं. लगीन ठरवाया आले तवा माझ्या बापाला आदी ह्या खाचराचंच सांगत बसले व्हते.”

“मंग काय खोटं सांगितलं? तुजा बाप बघून गेला, तवाच हो म्हनला.”

मी खाचराचे नाव लिहिले, मग त्यांचे, मग बियाण्याचे आणि लावणीच्या तिथीचे. बांधावर रेंज नव्हती. सडकेपर्यंत चढून जावे लागणार होते. ते माझ्याबरोबर आले, चिखलाचे पाय तसेच घेऊन. साखळीत नोंद जाऊन तिची पोच परत येईपर्यंत थोडा वेळ लागतो. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिले आणि आम्ही दोघे पावसाच्या बारीक भुरभुरीत त्याच्याकडे पाहत उभे राहिलो. मी काही बोलले नाही. त्यांनाही न बोलण्याचे काही वाटलेले दिसले नाही. अशी सोबत मला फार वर्षांत मिळाली नव्हती.

‘नोंद ठेवली’ असे उमटले.

“आता ह्ये कुनाला पुसता येनार न्हाई?” त्यांनी विचारले.

“नाही. मलासुद्धा नाही.”

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते उतारावरून खाली गेले.

भाद्रपदात ते वारले. तापाचे निमित्त झाले, असे गुरुजींनी फोनवर सांगितले. मी भेटायला जायला हवे होते का, हे मी स्वतःला विचारत राहिले. फक्त एका सकाळची ओळख. तिथे जाऊन कोण म्हणून बसायचे, हे ठरेना, आणि ते ठरेपर्यंत तेरावा होऊन गेला.

कार्तिकात कापणी झाली, झोडणी झाली, भात गिरणीतून तांदूळ होऊन आला. प्रत्येक पिशवीवर एक चौकोनी कोड असलेला कागद चिकटवायचा, मोबाईलने तो वाचला की ‘आण’ने काम करावे आणि नोंद जुळली तर हिरवी पट्टी दिसावी, न जुळली तर लाल, अशी माझी रचना होती. दुकानाचा टेम्पो यायच्या आधी गटाच्या खोलीत सगळ्यांच्या पिशव्या तपासून पाहायचे ठरले होते. त्या दिवशी दुपारी गुरुजींचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही जरा निघून या. जांभळीच्या खाचराचा तांदूळ लाल दाखवतोय.”

मी पोचले तेव्हा खोलीच्या एका भिंतीला सगळ्यांच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि वहिनींच्या तेवढ्या दाराजवळ, निराळ्या. वहिनी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ओळखले, पण हसल्या नाहीत. पडद्यावर मीच लिहिलेले वाक्य होते: ‘ही नोंद बदललेली आहे.’ लिहिताना ते मला नेमके वाटले होते. आता ते माणसांनी भरलेल्या खोलीत एका बाईकडे बोट दाखवीत होते.

“बदललेली म्हंजे काय?” गटातला एक सभासद मोठ्याने म्हणाला. “घरात बाप्या मानूस ऱ्हायला न्हाई आन पोती पयल्यासारकीच भरली. कुठनं तरी सुटा तांदूळ आनून भरला आसंल.”

“माझं भात कापाया आक्की आळी आली व्हती,” वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या. “तूच तेवढा आला न्हाईस. म्हनून तुला ठावं न्हाई.”

काही जण हसले. तो गप्प झाला, पण लाल पट्टी गप्प झाली नाही. अशा पिशव्या टेम्पोत चढवता येणार नाहीत, असे गुरुजींनी खाली मान घालून सांगितले. दुसरा दिवस जाऊन तिसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. तोवर उलगडा झाला नाही तर हा तांदूळ बाजारात सुटा जाईल, बिननावाचा.

वहिनी उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. “ताई, पैका जरा कमी आला तरी म्या भागवीन. पर ह्ये त्यांचं शेवटचं पीक. त्यांच्या नावानं जाऊ द्या. आन म्या कायबी मिसळल्यालं न्हाई, ह्ये ह्या समद्यांम्होरं निगू द्या.”

मी म्हणाले, “पाहते.” तांदळाची पिशवी आणि नोंदीचा मजकूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, लाल पट्टी मजकुराविषयी सांगते, तांदळाविषयी नाही, हे त्या सभासदाला तिथल्या तिथे सांगायला हवे होते. ते सगळे मला एसटीत बसल्यावर मुद्देसूद सुचले.

घरी येऊन मी माझी चूक शोधू लागले. उशिरा शिकलेल्या माणसाचा पहिला संशय स्वतःवरच असतो. ‘ठेव’ तपासले, ‘आण’ तपासले, त्या दोघांमध्ये ठसा काढणाऱ्या ओळी एकेक करून वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शेतकऱ्यांच्या नोंदी पुन्हा मागवून पाहिल्या. सगळ्या हिरव्या, हीच एक लाल. म्हणजे दोष रचनेत नव्हता. मग मी जांभळीच्या खाचराची नोंद उघडून वाचली. खाचराचे नाव बरोबर होते, बियाणे बरोबर होते, तिथी बरोबर होती. दोनदा वाचूनही काही खटकले नाही, कारण त्यात खोटे असे काहीच नव्हते. तिसऱ्यांदा वाचताना मी यजमानांच्या नावावर थांबले. नावाच्या आधी ‘कै.’ होते.

मी ते लिहिलेले नव्हते. मी लिहिले तेव्हा ते माझ्यासमोर चिखलात उभे होते.

गुरुजींना फोन करायची गरजच नव्हती, तरी केला. गटाचा संगणक त्यांच्याच ताब्यात असे.

“हो, मीच केलं,” ते म्हणाले. “तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. शाळेच्या देणगीफलकावर, देवळाच्या पाटीवर, कोणी गेलं की रंगाऱ्याला बोलावून मीच करून घेतो. नावाआधी जागा नसली तर बारीक अक्षरात बसवायला लावतो. का बरं?”

“त्यामुळे नोंद बदलली, गुरुजी.”

“बदलली कशी? मान दिला फक्त.”

ते ‘कै.’ मी किकवीत बसूनही काढू शकत होते. क्षणात पट्टी हिरवी झाली असती आणि कोणाला काही कळलेही नसते. पण मग त्या खोलीत लाल पट्टी पाहिलेल्यांच्या मनात वहिनींविषयी जे राहिले होते ते तसेच राहिले असते. वहिनींनी ‘समद्यांम्होरं’ असे म्हटले होते. चारचौघांसमोर बोलणे टाळण्यातच माझे आयुष्य गेले आहे. वर्गात शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून बोलत असे. तरी मी दुपारची एसटी पकडली. निघण्याआधी ‘ठेव’ आणि ‘आण’ या दोन्हींत काही ओळी वाढवल्या. साखळीतून काढता काही येत नाही, पण आधीच्या नोंदीला जोडून पुढची नोंद घालता येते. तेवढी सोय करून ठेवली.

खोलीत गुरुजींनी बोलावलेले बहुतेक सगळे होते, वहिनीही. उभे राहूनच बोलावे लागले. लाल पट्टी का आली ते मी सांगितले. तांदळाशी तिचा काही संबंध नाही, हेही सांगितले. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. गुरुजींनी आपण ‘कै.’ लिहिल्याचे लगेच कबूल केले. पण ते काढायचे म्हणताच ते अवघडले.

“गेलेल्या माणसाला जिवंत लिहायचं? आपल्यात कोणी असं करतं का? उद्या त्यांचे भाऊबंद मला काय म्हणतील?”

बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यांना ते पटत होते. खरे तर मलाही पटत होते. माझ्या घराचे लाइट बिल अजून वडिलांच्याच नावाने येते. नाव बदलायचा अर्ज मी आणून ठेवला आहे, भरलेला नाही. बिलावर वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ कोणी छापले तर मला कसे वाटेल, असा विचार मनात येऊन गेला आणि त्याच बळावर मी पुढचे बोलले.

“गुरुजी, ही नोंद आजची नाही, लावणीच्या दिवसाची आहे. त्या दिवशी ते होते. आपण त्यांना आज जिवंत म्हणत नाही, त्या दिवशी होते एवढेच म्हणतो. ते गेल्याचे लिहायचे असेल तर पुढे लिहू, दुसरी नोंद करून. पहिलीला हात लावायचा नाही.”

गुरुजींनी वहिनींकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, “काडा त्ये. लावनी केली तवा चांगलं हिंडतं-फिरतं मानूस व्हतं.”

गुरुजींनी स्वतः संगणकापुढे बसून ते ‘कै.’ काढले. सरळ पाठीने, शाळेत वर्षानुवर्षे लिहिणाऱ्याच्या हाताने. मी मोबाईल पिशवीवरच्या कोडसमोर धरला. वर्तुळ फिरू लागले. सगळे माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. कोणीतरी “आलं का?” म्हणाले, कोणीतरी “थांब की” म्हणाले. हिरवी पट्टी आली आणि तिच्याखाली पहिली ओळ: जांभळीचे खाचर. मग त्यांचे नाव.

काल बोललेला तो सभासद उठला आणि दाराजवळच्या पिशव्या उचलून बाकीच्यांच्या रांगेत नेऊन ठेवू लागला. “आता कसा हात हालतोय!” वहिनी त्याला म्हणाल्या. तो ओशाळून हसला.

“दुसऱ्या नोंदीत काय लिहू?” मी वहिनींना विचारले. माझ्या मनात एक नीटनेटके वाक्य तयार होते, तिथीसह. त्यांनी थोडा विचार केला.

“लिवा. लावनी मालकांनी केली. कापनी म्या केली. खाचर त्येच, बी त्येच.”

“एवढेच?”

“आनखी काय? वाचनाऱ्याला कळंल की.”

मी शब्दाला शब्द तसेच लिहिले. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिले, पण भाषा सुधारायला सांगितले नाही. ‘नोंद ठेवली’ असे उमटले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “ह्ये बी कुनाला पुसता येनार न्हाई ना? त्यांनी इचारलं व्हतं तुमाला. घरी येऊन मला सांगितलं, ती ताई म्हनली तिला सुदिक न्हाई पुसता येनार.”

मी मान हलवली.

निघताना त्यांनी आपल्या खाचराच्या उरलेल्या कागदांपैकी एक चिकट कोड मागून घेतला. “घरच्या भाताच्या कनगीला लावते,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तुमच्या घरी कोन असतं, ताई?”

“कोणी नाही.”

“मंग जेवूनच जा की. भाकरी टाकायला कितीसा येळ लागतोय?”

मी म्हणाले की शेवटची एसटी चुकेल. ती चुकली नसती. स्टँडवर मी बराच वेळ बाकावर बसून होते. कोणाच्या घरी पहिला घास कसा घ्यावा, काय बोलत घ्यावा, हे न समजून मी आजवर अशी किती आमंत्रणे टाळली असतील, याचा विचार करीत. दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन गेल्याचे गुरुजींनी कळवले.

आता जांभळीच्या खाचराचा तांदूळ संपला आहे. दुकानात त्याची एकही पिशवी उरलेली नाही, असेही गुरुजी म्हणाले. ज्या संगणकावर माझे अॅप्लिकेशन चालते त्याची एक काळी खिडकी मी घरी लॅपटॉपच्या पडद्यावर उघडी ठेवते. कोणी कुठूनही नोंद मागितली की तिथे एक ओळ उमटते. तांदूळ विकला जात होता तोवर दिवसभर ओळी येत असत. त्या थांबतील अशी माझी समजूत होती.

त्या थांबल्या, एक सोडून. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला, रोज नाही, पण आठवड्यातून काही वेळा ती ओळ येते: आण, जांभळीचे खाचर, जुळले. मागणारे कोण आणि कुठले हे मला दिसत नाही. ते दिसू नये अशीच मी रचना केली होती, आणि ती बदलायचा विचार मनात आलेला नाही. कणगीजवळ अंधार असेल, तर मोबाईल धरायला हात लांबवावा लागत असेल, रेंज येईपर्यंत ते वर्तुळ बराच वेळ फिरत राहत असेल, एवढे मात्र डोळ्यांसमोर येते.

मी चहा करून त्या खिडकीपुढे बसते. ओळ आली की उठून घरातले दिवे लावते.